ए. के. गोपालन: केस हरले, पण कायद्याचं एक कलम घटनाबाह्य ठरलं

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं आणि महिन्याभरात संसदेने प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा आणला. खटला न चालवता माणसाला आत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १ मार्चला या कायद्याखालचा आदेश मद्रासच्या तुरुंगातल्या एका कैद्याच्या हातात पडला. ते होते कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन. डिसेंबर १९४७ पासून ते आतच होते.

तुरुंग त्यांना नवा नव्हता. १९०४ मध्ये मलबारात, आजच्या केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यात जन्मलेले गोपालन आधी शाळामास्तर होते. गुरुवायूर मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते स्वयंसेवकांचे कॅप्टन होते. १९४१ मध्ये तर ते वेल्लोरच्या तुरुंगातून पळाले होते. या वेळी मात्र त्यांनी कोर्टाचा रस्ता धरला. कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात.

आता, कायदा कडक आहे, अन्यायकारक वाटतो, एवढ्याने तो घटनाबाह्य ठरत नाही. तो संविधानाच्या एखाद्या तरतुदीला छेद देतो हे दाखवावं लागतं. कलम १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा रद्दबातल ठरतो, पण जेवढा विसंगत तेवढाच.

गोपालन यांच्या केसमध्ये नेमकं हेच झालं. स्थानबद्धतेची कारणं कोर्टाला सांगणंही या कायद्याच्या कलम १४ ने गुन्हा ठरवलं होतं. कारणंच कळली नाहीत तर कोर्ट तपासणार काय? १९ मे १९५० ला सहाही न्यायमूर्तींनी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. उरलेला कायदा मात्र चार विरुद्ध दोन मतांनी टिकला. संसदेने रीतसर केलेल्या कायद्यातली प्रक्रिया पाळली की पुरे, ती न्याय्य आहे का हे कोर्ट बघणार नाही, असा बहुमताचा अर्थ होता. गोपालन तुरुंगातच राहिले.

१९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि विरोधी बाकांवरचा मोठा आवाज बनले. २२ मार्च १९७७ ला त्यांचं निधन झालं. आणीबाणी उठून जेमतेम एक दिवस झाला होता.

२५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधींच्या पासपोर्टच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९५० चा तो अर्थ बाजूला सारला. स्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, असं कोर्टाने ठरवलं. गोपालन यांच्या वकिलांनी २८ वर्षांपूर्वी मागितलं होतं ते साधारण हेच.