टिळकांनी आर्यांचं घर थेट उत्तर ध्रुवावर का शोधलं?

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले बाळ गंगाधर टिळक मुळात गणिताचे पदवीधर. वेदांचं वयही त्यांनी गणितानंच काढलं. सूर्य-चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्ताला ओढतं, त्यामुळे तिचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे वसंतसंपात नक्षत्रांतून सरकतो. तो मृगात असतानाच्या खुणा वेदांत आहेत, असं टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये मांडलं.

१८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली. मॅक्स म्युलर यांनी पाठवलेला ऋग्वेद ते तुरुंगात वाचत. त्यातली कित्येक दिवस रेंगाळणारी उषा त्यांना ध्रुवावरची वाटली. १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या पुस्तकात त्यांचा दावा असा: ध्रुवावर हवा सौम्य होती, इ.स.पू. १०,००० ते ८,००० च्या दरम्यान हिमयुग आलं आणि आर्य दक्षिणेकडे निघाले.

घोळ इथंच आहे. अक्षाचं गणित आजही पक्कं, पण बर्फाचं वेळापत्रक उलटं निघालं! शेवटचं हिमयुग लाखभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपलं. टिळकांनी त्या काळच्या भूगर्भशास्त्रज्ञांचे आकडे घेतले होते. कार्बनवरून वय मोजण्याची पद्धत आली १९४० च्या दशकाअखेर; टिळक १ ऑगस्ट १९२० लाच गेले होते.