बिअरवाल्याचा मुलगा

दरवर्षी आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात कुणीतरी विश्वेश्वरय्यांवर लिहितं आणि कुणीतरी आइन्स्टाइनवर. मी म्हटलं, यंदा आपण एका बिअरवाल्यावर लिहू. संपादक मंडळातल्या ताईंनी आधी डोळे मोठे केले. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, लिही. नाव होतं जेम्स प्रेस्कॉट ज्यूल. हो, तोच. थर्मोच्या प्रत्येक गणितात उत्तराच्या पुढे ज्याचा J लिहायला विसरलं की अर्धा मार्क जातो, तो!

(मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. आणि ज्यूलसाहेबांना अरे-तुरे करतेय, कारण हा लेख लिहिता लिहिता तो मला घरचाच वाटायला लागला. का, ते पुढे येईल.)

ज्यूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ चा, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गावातला. वडील बेंजामिन ज्यूल यांची तिथे मोठी ब्रुअरी होती. पोराच्या पाठीच्या कण्यात लहानपणापासून दोष, तब्येत नाजूक, म्हणून शिक्षण घरीच. १८३४ मध्ये वडिलांनी त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला जॉन डाल्टनकडे शिकवणीला पाठवलं. अणुसिद्धांतवाला डाल्टन! तेव्हा तो म्हातारा होता आणि पोटासाठी शिकवण्या घ्यायचा. मोठ्या आशेने गेलेल्या पोरांना त्याने दोन वर्षं मुख्यतः अंकगणित आणि भूमितीच घोटायला लावली. १८३७ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. ज्यूलचं शिक्षणही जवळपास तिथेच संपलं. डिग्री नाही, कॉलेज नाही. राहिली ती ब्रुअरी.

आता ब्रुअरीत नेमकं काय चालतं ते थोडं बघू, नाहीतर हा माणूस कळणार नाही. सातू भिजवून, मोड आणून वाळवायचे. झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात कालवायचं. पाणी साधारण ६५ अंशांच्या आसपास पाहिजे, म्हणजे स्टार्चची साखर होते. फार गरम झालं की ते काम करणारी एन्झाइम्स मरतात, गार राहिलं की साखर नीट होत नाही. मग ते गाळून हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. पण त्याच वेळी ते स्वतः उष्णताही सोडतं, त्यामुळे मोठा हौद आपोआप तापत जातो. इंग्लिश एलच्या यीस्टला १८-२० अंश मानवतात. पारा त्याच्यावर चढला की बिअरला भलतीच चव येते, खाली गेला की यीस्ट झोपतं. आणि आंबणं पुरतं व्हायच्या आत पिंपात भरून बूच ठोकलं, तर आतल्या वायूने पिंप फुटायची भीती. थोडक्यात, ब्रुअरी चालवणं म्हणजे बरंचसं तापमान सांभाळणं. जुने लोक बोट बुडवून अंदाज घ्यायचे. इंग्लंडच्या ब्रुअरीत थर्मामीटर आला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्यूल वाढला तो थर्मामीटरवाल्या पिढीत.

माझ्या बाबांची छोटी डेअरी आहे. विरजण लावायच्या आधी दूध किती कोमट हवं ते बाबा अजून करंगळीने बघतात. मी सेकंड इयरला असताना त्यांना डिजिटल थर्मामीटर आणून दिला. तो फ्रिजवर पडून आहे. डिग्रीनंतर डेअरीत यायचं की नोकरी बघायची, हा प्रश्न आमच्या घरी दर रविवारी जेवताना निघतो. म्हणून ज्यूलची गोष्ट वाचताना मला पहिल्यांदा हेच बघायचं होतं, की त्याने धंदा कधी सोडला?

सोडलाच नाही. ब्रुअरीच्या कामात तो १८५४ पर्यंत होता, आणि त्या वर्षी ती विकली गेली. ज्या शोधांनी त्याचं नाव झालं ते जवळजवळ सगळे त्याआधीचे, धंदा सांभाळून केलेले. मला वाटलं होतं की धंद्यापासून पळून जाऊन तो शास्त्रज्ञ झाला असेल. उलट धंद्याच्याच एका हिशोबातून सगळं सुरू झालं. वाफेच्या इंजिनाऐवजी ब्रुअरीला नवी इलेक्ट्रिक मोटर लावली तर स्वस्त पडेल का? १८३८ मध्ये, विशीच्या आत, त्याने मोटरवरचा पहिला लेख छापला. मोजमाप करता करता १८४० च्या सुमाराला तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रेझिस्टन्सच्या प्रमाणात असते हे त्याला सापडलं. आपला I²R तो हाच. मोटरचा हिशोब मात्र बसला नाही. बॅटरीतल्या एक पौंड जस्तापेक्षा एक पौंड कोळसा चौपटीहून जास्त काम देत होता, आणि जस्त महाग. मोटरचा नाद सुटला, पण काम आणि उष्णता यांचा भाव काय हा प्रश्न डोक्यात राहिला.

१८४३ मध्ये त्याने कॉर्कच्या विज्ञानसभेत पहिलं उत्तर मांडलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८४४ मध्ये हवा दाबण्यावरचा त्याचा पेपर रॉयल सोसायटीने नाकारला. मला त्या लोकांचाही राग येत नाही. एक बिनडिग्रीचा दारूवाला सांगतोय की मी डिग्रीचा शंभरावा-दोनशेवा भाग मोजला, आणि त्यावरून उष्णता ही वस्तू नाही असं म्हणतोय. आपल्या व्हायवाला असं कुणी म्हटलं तर एक्स्टर्नल काय करतील?

पण तो खरंच मोजत होता. मँचेस्टरचा उपकरणं करणारा जॉन बेंजामिन डान्सर याच्याकडून त्याने असे थर्मामीटर करून घेतले की फॅरनहाइट डिग्रीचा दोनशेवा भाग वाचता यावा. मग तो प्रसिद्ध प्रयोग. तांब्याच्या भांड्यात सहा लिटरच्या आसपास पाणी, त्यात फिरणारी पितळी पाती, दोरीला दोन वजनं, प्रत्येकी सुमारे १३ किलोचं. वजनं सव्वापाच फूट खाली येतात, पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं. पुन्हा वर गुंडाळा, पुन्हा सोडा. असं वीस वेळा. एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापतं किती? सेल्सिअसमध्ये एक तृतीयांश अंश! जवळ उभ्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही गडबड होऊ शकते. आणि हे त्याने चाळीस वेळा केलं.

मला ती पाती बघून थेट ब्रुअरीतला माल्ट घुसळणारा हौद दिसतो. हाइन्झ ऑटो सिबम नावाच्या इतिहासकाराने १९९० च्या दशकात हा प्रयोग तशीच उपकरणं बनवून परत करून पाहिला. तो अतिशय अवघड गेला. पारा वाचण्याची ज्यूलची ती नजर ब्रुअरीत तयार झाली, असं त्याचं म्हणणं आहे. मला पटलं.

१८४७ हे वर्ष ज्यूलचं. एप्रिलमध्ये त्याने मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात व्याख्यान दिलं. ते छापलं कुणी, तर मँचेस्टर कुरिअर या वर्तमानपत्राने, कारण त्याचा भाऊ तिथे संगीतावर लिहायचा. (ओळख तेव्हाही लागायची!) जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्याला थोडक्यात आटपा असं सांगण्यात आलं. ऐकणाऱ्यांत तेविशीला टेकलेला एक पोरगा होता, विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला लगेच पटलं नाही, पण हा माणूस महत्त्वाचा आहे एवढं कळलं. ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि दोघं आल्प्सला गेले. तिथे योगायोगाने थॉमसन भेटला. त्याने पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की नवरदेवाजवळ एक लांब थर्मामीटर होता आणि धबधब्याच्या खालचं पाणी वरच्यापेक्षा गरम असतं का ते त्याला बघायचं होतं. हिशोबाने सव्वाचारशे मीटर पडल्यावर पाणी एक अंश तापेल. सालांशच्या धबधब्यावर प्रयत्नही झाला, पण तुषारच इतके की मोजणार काय! बिचारी अमेलिया.

१८५० मध्ये अंतिम आकडा छापून आला. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला ७७२ फूट-पौंड काम. आज आपण ७७८ धरतो. म्हणजे एक टक्क्याचाही फरक नाही. आमच्या लॅबच्या प्रॅक्टिकलमध्ये माझी एरर चौदा टक्के आली होती, आणि मी ती जर्नलमध्ये सहावर आणली. कबूल करते.

१८५४ मध्ये अमेलिया गेली. दोन लहान मुलं मागे राहिली. त्याच वर्षी ब्रुअरीही विकली गेली. पुढची वर्षं तशी शांत आणि एकटी होती. पण थॉमसनबरोबरचं काम त्याच सुमारास, १८५२ पासून दहा वर्षं चाललं. दाबातला वायू सच्छिद्र अडथळ्यातून मोकळा सोडला की बहुतेक वायू गार होतात, हा ज्यूल-थॉमसन इफेक्ट. गंमत बघा. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे हौशी लोक भरपूर. ते बिअर आंबवायला जुना फ्रिज वापरतात आणि मग ती स्टीलच्या केगमध्ये भरून कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला जोडतात. वायू जोरात सोडला तर रेग्युलेटरवर बर्फ धरतो. तो ज्यूल-थॉमसनचाच. (आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी.)

शेवटी पैसा आटला, तेव्हा १८७८ पासून सरकारने वर्षाला २०० पौंड पेन्शन दिली. त्याच वर्षी, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने पाण्याचा प्रयोग पुन्हा करून छापला. आकडा आला ७७२.५५. ऑगस्ट १८८९ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं आणि ११ ऑक्टोबरला तो सेल गावी वारला. थडग्याच्या दगडावर योहानाच्या शुभवर्तमानातलं एक वचन आहे आणि ७७२.५५ हा आकडा. सेलमध्ये पुढे त्याच्या नावाचा एक पबही निघाला.

हे सगळं मी रविवारी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, करंगळी दुधात घातली आणि म्हणाले, त्रेचाळीस. मी फ्रिजवरचा थर्मामीटर काढला. साडेबेचाळीस. सध्या तो फ्रिजवरून खाली आलाय, विरजणाच्या पातेल्याशेजारी.


आणि हो, सच्छिद्र अडथळ्याचा प्रयोग आकृतीसकट पाठ करा. सर तो परीक्षेत सोडत नाहीत.