सर सी. व्ही. रामन यांचा पहिला शोधनिबंध

विद्यार्थी मित्रांनो, दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो आणि सर सी. व्ही. रामन यांच्या शोधाबद्दल बोलतो. पण त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा ते अवघ्या १८ वर्षांचे विद्यार्थी होते, हे तुम्हाला माहीत आहे का?

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली ते बी.ए. झाले आणि तिथेच एम.ए.चा अभ्यास करू लागले.

प्रयोगशाळेत ते स्पेक्ट्रोमीटरवर लोलकाचा कोन मोजत होते. लोलकाच्या पृष्ठावर प्रकाश फार तिरपा पडला की उजेड-अंधाराचे पट्टे दिसत. पण मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ते सारखे नव्हते! दुसरा कोणी असता तर उपकरणाचा दोष म्हणून पुढे गेला असता. रामन मात्र थांबले. त्यांनी मोजमापं घेतली, ती गणिताशी ताडून पाहिली आणि निबंध लिहिला.

तो त्यांनी आपल्या प्राध्यापकांना वाचायला दिला. महिने गेले, पण उत्तर काही येईना. आता तुम्हीच सांगा, आपण काय केलं असतं? कागद कपाटात ठेवून दिले असते, हो ना? रामन यांनी निबंध सरळ लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवून दिला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला.

१९०७ साली एम.ए. झाल्यावर त्यांनी सरकारी वित्त खात्यात नोकरी धरली, पण संशोधन सोडलं नाही. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत रमत. १९२८ साली 'रामन परिणाम' सापडला आणि १९३० मध्ये नोबेल मिळालं. भारतीय संशोधकांचं काम आपल्याच देशात छापलं जावं म्हणून त्यांनी १९२६ साली 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' सुरू केलं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, प्रयोगात काही वेगळं दिसलं तर ते खोडू नका, वहीत लिहा. पुन्हा तपासा. खात्री पटली की योग्य ठिकाणी पाठवा. आणि आम्हा शिक्षकांसाठीही यात एक धडा आहेच : विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेले कागद टेबलावर पडून राहता कामा नयेत.