राष्ट्रपती कोण आणि कारभारी कोण? शिक्षक बाबासाहेबांचे चरित्र



आपल्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर मुलांचा वर्ग भरतो. एका रविवारी आम्ही मुलांना विचारले, देश कोण चालवतो? अर्धी मुले म्हणाली राष्ट्रपती, अर्धी म्हणाली पंतप्रधान. एका मुलीने उठून आम्हालाच उलट विचारले की, बाबासाहेबांनी एवढी मोठी घटना लिहिली, मग राष्ट्रपतीला सगळी ताकद का नाही दिली? आज ना उद्या आपला माणूस त्या खुर्चीवर बसला असता आणि आपले प्रश्न एका सहीने सुटले असते. आम्ही तेव्हा थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग जे वाचले, जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजापुढे ठेवीत आहोत. कारण या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या सबंध आयुष्यात आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. म्हणजे मास्तरकी रक्तातच होती म्हणा ना! पुढे मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या गर्दीत हे कुटुंब राहिले. १९१२ साली बी. ए. झाल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच खरा कारभारी. त्याची मुदत चार वर्षांची. कायदेमंडळाने नुसता अविश्वास दाखवून तो घरी जात नाही. नंतर लंडनला गेले, तिथे उलटा प्रकार. राजा गादीवर, पण कारभार प्रधानमंडळाचा. आणि पार्लमेंटचा विश्वास उडाला की प्रधानमंडळ खाली! दोन्ही देशांत बाबासाहेब नुसते राहिले नाहीत, तिथला कारभार त्यांनी अभ्यासला.

परत आल्यावर १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुन्हा लंडनला जाऊन डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. त्यानंतर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. ज्याला लहानपणी शाळेत वेगळे बसवले गेले, त्याच्यापुढे सर्व जातीचे विद्यार्थी कायदा शिकायला बसले. तिथे त्यांनी इंग्लंडच्या राज्यघटनेवर व्याख्याने दिली. त्यातला मोठा धडा हाच की, कागदावर सत्ता कुणाच्या नावाची आहे आणि प्रत्यक्षात ती कोण वापरतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याने दोन्ही पाहाव्यात.

पण बाबासाहेब फक्त वर्गातले मास्तर नव्हते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. तिथे विरोधी बाकावर बसून मंत्र्यांना जाब कसा विचारायचा, हे त्यांनी करून दाखवले. कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणारे औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संपही झाला. आम्ही गिरणीवाल्यांनी हा दिवस विसरता कामा नये.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता ते स्वतःच कारभाराच्या खुर्चीत बसले. कामगार, मालक आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवण्याची पद्धत त्यांनी पक्की केली. कामाचे तास कमी करण्याचा विषय लावून धरला आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यात आठवड्याला ४८ तास ठरले. आज आपण आठ तासांची पाळी म्हणतो, त्यामागे हे काम आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ते कार्यकारी मंडळ लोकांनी निवडलेले नव्हते आणि कायदेमंडळ त्याला काढू शकत नव्हते. चांगला माणूस आत असला तर चांगले काम होते. नसला तर? त्याला विचारणार कोण?

१९४७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी म्हटले होते की, कार्यकारी मंडळ ठराविक मुदतीचे असावे, मध्येच पाडता येऊ नये, आणि अल्पसंख्याकांचे मंत्री अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधींनी निवडावेत. कारण उघड होते. आपल्या देशातले बहुमत हे नुसते राजकीय मत नसते, ते जातीचेही असते. अशा बहुमताचे मंत्रिमंडळ आपल्याला दारातच उभे करील, ही भीती खोटी नव्हती. पण घटना समितीने संसदीय पद्धत स्वीकारली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी सभागृहालाही वर्गासारखे समजावून सांगितले. आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा नाही, तो इंग्लंडच्या राजासारखा आहे. तो राष्ट्राचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. कार्यकारी मंडळाला दोन गुण हवेत, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या मापाने मिळत नाहीत. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त. आपण जबाबदारी जास्त घेतली. म्हणजे काय, तर सरकारची परीक्षा पाच वर्षांनी मतपेटीत होतेच, पण रोजच्या रोजही होते. प्रश्न विचारून, ठराव मांडून, तहकुबी सूचना आणून, अविश्वासाचा ठराव आणून.

हीच गोष्ट कलमांत उतरली. कलम ५३ प्रमाणे संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायी. कलम ७४ प्रमाणे त्याला सल्ला द्यायला मंत्रिमंडळ. आणि कलम ७५ प्रमाणे ते मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या लोकसभेला जबाबदार. आता साखळी बघा. राष्ट्रपती मंत्रिमंडळाचे ऐकतो, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आणि लोकसभा निवडतो आपण. साखळीची शेवटची कडी तुमच्या-आमच्या हातात आहे.

या कलमांची परीक्षा बाबासाहेबांच्या डोळ्यांदेखतच झाली. कायदेमंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले होते. स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे ते बिल राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांना पसंत नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना कळवले की या बाबतीत आपण स्वतःच्या विचाराने वागू इच्छितो. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांचे मत घेतले गेले. ते असे की, राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावे लागेल. राष्ट्रपतीला सगळी ताकद दिली असती, तर ती त्या दिवशी आपल्या आयाबहिणींच्या विरुद्ध वापरली गेली असती! मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले.

बिल मात्र वाचले नाही. राष्ट्रपतीने ते अडवले नाही. चार कलमे मंजूर झाल्यावर सरकारनेच ते बाजूला ठेवले. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा दिला. खुर्ची धरून बसले नाहीत. पुढे १९५५-५६ मध्ये तेच बिल तुकड्यातुकड्यांनी कायदा झाले.

बाबासाहेबांनी स्थापलेल्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि ते स्वतः तिच्यापुढे बोलत. जुलै १९५६ मध्ये मुंबईत त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी शाळा सुरू केली. शरीर थकले होते, तरी माणसे तयार करण्याची तळमळ होती. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला ते आपल्याला सोडून गेले. शाळाही पुढे चालली नाही. ती आपण चालवायची राहून गेली, हे कबूल केले पाहिजे.

१९९७ साली के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले. दलित समाजातला माणूस त्या पदावर प्रथमच बसला. आम्ही पेढे वाटले. पुष्कळांना वाटले, आता आपले राज्य आले. त्यांनी केले काय? १९७८ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी तशी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. घटनेच्या आत राहून एवढे करता येते. पुढे २०१७ साली रामनाथ कोविंद आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मू त्या पदावर आले. मान मोठा आहे, अभिमान वाटावा असाच आहे. पण वस्तीतला नळ, शिष्यवृत्ती, रेशन, हे त्या सहीने येत नाही. ते मंत्र्याला, आमदाराला, नगरसेवकाला जाब विचारून येते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात व्यक्तिपूजा केली तर हुकूमशाही येते. म्हणून त्या मुलीला आमचे उत्तर असे आहे. बाळ, बाबासाहेबांनी ताकद एका खुर्चीत ठेवली नाही, कारण खुर्चीवर नेहमी आपलाच माणूस बसेल असे नाही. त्यांनी ती प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात ठेवली. तू त्या दिवशी उठून प्रश्न विचारलास, तिथूनच सुरुवात होते.

यापुढे दर महिन्याच्या एका रविवारी विहारात मुलांची संसद भरवावी, अशी आमची सर्व कुटुंबांना नम्र सूचना आहे. एक मूल राष्ट्रपती, काही मंत्री आणि बाकी सगळी प्रश्न विचारणारी. मोठ्यांनीही येऊन बसावे. आपल्यालाही शिकायचे आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!