संत जोसेफिन बखिता : आशेला भेटलेला खरा धनी

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण आपण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असतात. श्रद्धेवर प्रवचने होतात, प्रीतीविषयी तर नेहमीच बोलले जाते. आशा मात्र या दोघींच्या मध्ये काहीशी उपेक्षित राहते. नोकरी लागावी, आजार बरा व्हावा, मुलांचे भले व्हावे, या इच्छांनाच आपण आशा समजतो आणि त्या फळाला आल्या नाहीत की आपली श्रद्धाही डळमळू लागते. इच्छा अपुरी राहिली तरी आशा अभंग कशी राहू शकते, याची साक्ष संत जोसेफिन बखिता हिचे जीवन देते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ३० नोव्हेंबर २००७ रोजी ख्रिस्ती आशेवर परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा आरंभीच त्यांनी याच संतेचे उदाहरण जगापुढे ठेवले.

सुदानमधील दारफूर प्रांतात, ओल्गोसा नावाच्या गावी, १८६९च्या सुमारास तिचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि भावंडेही बरीच होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी प्रथम तिच्या मोठ्या बहिणीला पळवून नेले. पुढे आठ-नऊ वर्षांची असताना तीही त्यांच्या हाती सापडली. त्या भीतीचा आघात एवढा जबर होता, की आईवडिलांनी ठेवलेले आपले नावही ती विसरली. बखिता हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान असा होतो. ज्या मुलीचे सर्वस्व लुटले गेले, तिला लुटारूंनी भाग्यवान म्हणावे, ही क्रूर थट्टाच होती. पुढे तेच नाव खरे ठरेल, हे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसेल.

अनवाणी पायांनी तिला शेकडो किलोमीटर चालवीत एल ओबेद शहरी नेण्यात आले. पुढील काही वर्षांत ती अनेकदा विकली गेली. एकदा तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला, परंतु ती पुन्हा पकडली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तिला चाबकाच्या फटक्यांवाचून क्वचितच एखादा दिवस जात असे. त्याच घरी तिच्या अंगावर पात्याने शंभरहून अधिक नक्षीदार जखमा कोरण्यात आल्या आणि व्रण कायम राहावेत म्हणून त्यांत मीठ चोळण्यात आले. ते व्रण तिने अखेरपर्यंत अंगावर वागवले.

तिला कोणी देवाविषयी शिकवले नव्हते. तरीही सूर्य, चंद्र आणि तारे पाहताना या सुंदर गोष्टींचा धनी कोण असावा, हा प्रश्न तिला पडत असे, असे तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले. त्याला पाहावे, त्याला नमन करावे, अशी ओढ तिला वाटे. श्रद्धेचा प्रकाश लाभण्यापूर्वीच परमेश्वराने तिच्या अंतःकरणात आशेचे बीज पेरले होते.

१८८३ साली खार्टूममधील इटलीचे उपवाणिज्यदूत कालिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. त्यांच्या घरी प्रथमच तिच्यावर कोणी चाबूक उगारला नाही. महदीच्या उठावामुळे लेन्यानी यांना सुदान सोडावे लागले, तेव्हा तिने त्यांच्याबरोबर जाण्यासाठी विनवणी केली आणि १८८५ साली ती इटलीला पोहोचली. तेथे तिला मिकिएली नावाच्या कुटुंबाकडे सोपवण्यात आले. त्यांची लहानगी कन्या मिमिना हिचा सांभाळ बखिता करू लागली आणि दोघींना एकमेकींचा लळा लागला. या कुटुंबाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या एका भाविक गृहस्थांनी तिला चांदीचा छोटा क्रूस दिला. क्रुसावरील तो मनुष्य कोण, हे तिला ठाऊक नव्हते. तरीही तिने तो जपून ठेवला.

मिकिएली यांनी तांबड्या समुद्राच्या काठी सुआकिन येथे हॉटेल घेतले होते. त्या व्यवहारासाठी मालकीणबाई तिकडे गेल्या असता, मिमिना आणि बखिता यांना व्हेनिस येथे कनोसियन धर्मभगिनींच्या संस्थेत ठेवण्यात आले. तेथे बखिताला क्रुसावरील मनुष्याची ओळख झाली. ताऱ्यांचा धनी तोच आहे, त्यानेही पाठीवर फटके सोसले आहेत आणि तो आपल्याला नावानिशी ओळखतो, आपल्यावर प्रेम करतो, हे तिला उमगले. पुढे ती परमेश्वराचा उल्लेख व्हेनिसच्या बोलीतील धनी या अर्थाच्या शब्दानेच करीत असे. आजवर भेटलेल्या धन्यांनी तिची किंमत पैशात केली होती. या धन्याने तिच्यासाठी स्वतःचे प्राण दिले होते.

मालकीणबाई परत आल्या आणि दोघींना सुआकिनला घेऊन जाण्यास सिद्ध झाल्या. बखिताच्या जीवनातील निर्णायक क्षण हाच होता. गेल्यास मायभूमीच्या किनाऱ्यावर पाऊल पडणार होते आणि जिला अंगाखांद्यावर वाढवले ती मिमिना सोबत राहणार होती. नकार दिल्यास परक्या देशात, आप्तांवाचून, पैशांवाचून एकटे राहावे लागणार होते. ज्या मुलीला कोणी कधी तिची इच्छा विचारली नव्हती, तिने स्पष्ट नकार दिला. तिला बाप्तिस्मा हवा होता. प्रकरण न्यायालयात गेले. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्य नसल्यामुळे बखिता स्वतंत्र आहे, असा निर्णय २९ नोव्हेंबर १८८९ रोजी देण्यात आला. तिने धर्मभगिनींपाशी राहणे पसंत केले. मिमिनाची ताटातूट तिला फार जड गेली.

९ जानेवारी १८९० रोजी व्हेनिसचे पॅट्रिआर्क कार्डिनल दोमेनिको अगोस्तिनी यांच्या हस्ते तिला बाप्तिस्मा, दृढीकरण आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद हे तीनही संस्कार मिळाले. पुढे अनेकदा ती बाप्तिस्मा-कुंडाचे चुंबन घेताना दिसे. याच ठिकाणी आपण देवाची कन्या झालो, ही तिची भावना होती. ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली आणि ती कनोसियन धर्मभगिनी झाली.

१९०२ साली ती स्किओ या गावी गेली आणि तिचे उर्वरित आयुष्य बव्हंशी तेथेच गेले. स्वयंपाकघर, शिवणकाम, भरतकाम, चर्चची निगा आणि मठाच्या दारावरील सेवा ही तिची कामे होती. शाळेत येणाऱ्या मुलांच्या मस्तकावर ती प्रेमाने हात ठेवी. ज्या बालिकेच्या अंगाला परक्या हातांनी केवळ वेदना दिली होती, तिच्या हातांतून इतरांच्या लेकरांना माया मिळाली. आपल्याला पळवणारे भेटले तर त्यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेऊ, असे ती सांगत असे. यामुळे त्यांचे पाप लहान होत नाही. मात्र त्या पापाला आपल्या जीवनाचा शेवटचा शब्द ठरू द्यायचे तिने नाकारले.

एक गोष्ट तिला या जगात लाभली नाही. आईवडिलांची भेट पुन्हा कधीच झाली नाही. अखेरच्या आजारात तर गुलामगिरीचे दिवस तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले आणि साखळ्या जड झाल्या आहेत, त्या सैल करा, अशी विनवणी ती शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला करू लागली. श्रद्धेमुळे जुन्या जखमांची आठवण पुसली जातेच असे नाही, हे संतांच्याही बाबतीत खरे आहे. तरीही अखेरच्या क्षणी तिच्या ओठी पवित्र मातेचे नाव होते. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी तिने देह ठेवला. १७ मे १९९२ रोजी तिला धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले. २०१५पासून तिचा स्मृतिदिन मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो. मुंबईकरांना माहीमच्या कनोसा शाळेमुळे परिचित असलेल्या धर्मभगिनी तिच्याच संघाच्या आहेत.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात श्रद्धा आणि आशा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. बखिताच्या जीवनात ही गुंफण स्पष्ट दिसते. तिच्या आशेला श्रद्धेने एक चेहरा दिला, आणि त्या श्रद्धेला आशेने स्वयंपाकघरात आणि दारावर रोज उभे राहण्याचे बळ दिले. आपल्याही घरी एखादी प्रार्थना वर्षानुवर्षे अनुत्तरित असेल, एखादी खुर्ची रिकामी असेल. अशा वेळी आपण कोणती गोष्ट मिळण्याची वाट पाहत आहोत, याबरोबरच आपण कोणाच्या हाती आहोत, हेही स्मरावे. ज्याच्या हाती आपण आहोत तो आपल्याला नावानिशी ओळखतो, या विश्वासाने आजचे काम हाती घेण्याची कृपा संत बखिताच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो.