सिंहलद्वीपातले गोमंतकीय : फादर जोसेफ वाझ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला डच ईस्ट इंडिया कंपनी भेटते ती आर्थिक इतिहासाच्या पुस्तकात. 1602 साली स्थापना, जनतेकडून उभारलेले भागभांडवल, मसाल्याच्या व्यापारातील मक्तेदारी आणि 1799 च्या अखेरीस दिवाळे निघून विसर्जन. परीक्षेला एवढे पुरते. आपल्या गोवळकोंडा राज्यातल्या मछलीपट्टण बंदरातही या कंपनीची वखार होती. परंतु कंपनीचा खरा जीव दालचिनीत होता आणि दालचिनी होती श्रीलंकेत. तिच्यासाठी डचांनी पोर्तुगीजांकडून 1656 साली कोलंबो आणि 1658 साली जाफना घेतले.

या हस्तांतराची एक बाजू आमच्या पुस्तकात नाही. किनाऱ्यावरचे हजारो लोक पोर्तुगीजांच्या काळात कॅथलिक झाले होते. डच प्रॉटेस्टंट. कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांचा माणूस, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी धर्मगुरूंना हाकलले, चर्चे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्याला देहदंड फर्मावला. पुढची जवळजवळ तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही. हिंदू वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगतो : एखाद्या मुलखात तीस वर्षे देवळे बंद आहेत, पुजारी नाही, आणि घरात दिवा लावला तरी शेजाऱ्याची भीती आहे, असे समजा. अशा लोकांकडे जो माणूस आपणहून गेला, त्याची ही हकीकत.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्याच्या साष्टी महालात, बाणावली येथे आजोळी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे, आई मारिया दे मिरांदा. घराणे ब्राह्मण, धर्मांतरित, घरची भाषा कोंकणी. पोर्तुगीज सांकवाळला आणि लॅटिन बाणावलीला शिकून ते गोवा शहरात जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात व नंतर डोमिनिकनांच्या विद्यालयात शिकले. 1676 साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मी ख्रिस्ती नाही, आणि गोव्याचा इतिहास वाचताना मन स्वस्थ राहत नाही. साष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. 1560 साली सुरू झालेले इन्क्विझिशन वाझ यांच्या हयातीत जोरात चालू होते. ज्या धर्मसत्तेने गोव्यात इतरांच्या पूजाअर्चेवर बंदी घातली, त्याच धर्माच्या माणसांवर समुद्रापलीकडे तशीच बंदी आली. हा दैवाचा न्याय आहे असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही, कारण शिक्षा भोगणारे जाफन्याचे कोळी आणि शेतकरी होते, गोव्याचे अधिकारी नव्हते. आणि वाझ तिकडे गेले ते पोर्तुगीज जहाजातून, शिपाई बरोबर घेऊन गेले नाहीत. त्यांच्या चरित्राची किंमत मी याच गोष्टीवरून करतो.

श्रीलंकेआधी ते कानड्यात होते. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ही माहिती रुचेल. 1681 ते 1684 या काळात मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळ्ळी या भागाची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या वेळी तिथे केळदीची राणी चेन्नम्मा राज्य करीत होती. पुढे 1689 साली राजाराम महाराजांना जिंजीकडे जाताना जिने आश्रय दिला तीच ही राणी. कानड्यात वाझ यांच्यापुढे विचित्र पेच होता. पोर्तुगालच्या राजाने नेमलेले धर्माधिकारी आणि रोमने परस्पर पाठवलेले बिशप थॉमस दे कॅस्ट्रो यांच्यात अधिकाराचा वाद पेटला होता आणि कोणाकडून मिळालेले संस्कार ग्राह्य, या शंकेने भाविक हैराण झाले होते. वाद मिटवणे वाझ यांच्या हातात नव्हते. त्यांनी दोन्ही बाजूंशी सबुरीने वागून लोकांची कामे चालू ठेवली. ते परतले तेव्हा साष्टीची दैना झालेली होती. 1683 च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या होत्या. आपण ती मोहीम किल्ल्यावरून पाहतो. बाणावली-सांकवाळच्या लोकांनी ती घराच्या उंबऱ्यावरून पाहिली असणार.

गोव्यात 1685 साली ते काही स्थानिक धर्मगुरूंच्या छोट्या मंडळात सामील झाले आणि लगेच त्याचे प्रमुख झाले. सेंट फिलिप नेरी यांच्या धर्तीवरची ही ओरेटरी. युरोपियनांच्या धर्मसंघांत तेव्हा हिंदी माणसाला सहसा प्रवेश मिळत नसे, म्हणून हिंदी धर्मगुरूंनी स्वतःचे घर बांधले, हे अभिमानास्पदच. पण त्या घरातही भरणा ब्राह्मण घराण्यांतल्यांचाच होता, हेही नमूद केले पाहिजे. जात धर्मांतराने जात नाही, याचा हा जुना पुरावा.

प्रमुखपद मिळून पुरते वर्षही झाले नसेल, तोच 1686 साली वाझ ते सोडून निघाले. बरोबर जॉन नावाचा एक सेवक. कानडा, मलबार करीत तुतिकोरीनला पोहोचले, तिथे तमिळ शिकले आणि 1687 च्या ईस्टरच्या सुमारास मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. आपल्या हैदराबादेत 1687 म्हटले की औरंगजेबाचा वेढा आठवतो. आठ महिने गोवळकोंडा झुंजला आणि सप्टेंबरात पडला. त्याच महिन्यांत दक्षिणेकडे हा एक अनवाणी मनुष्य हगवणीने मरणाच्या दारात पडला होता. एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर तो वाचला.

बरे झाल्यावर कॅथलिक शोधायचे कसे? सगळे लपलेले. विचारावे तर विचारणाराच पकडला जाणार. वाझ यांनी काढलेला उपाय मला त्यांच्या सगळ्या चमत्कारकथांपेक्षा मोठा वाटतो. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. ज्याला त्या माळेचा अर्थ कळत नाही त्याच्या दृष्टीने तो एक भिकारी, माळ घातलेला. ज्याला कळतो, त्याची नजर क्षणभर माळेवर थांबणार. ते ती नजर शोधत होते. भीक मिळाली नाही तरी चालेल, नजर मिळाली पाहिजे. अशा रीतीने एक घर सापडले, त्या घराने खात्री करून घेतली, त्या घरातून दुसरे कळले. मग रात्री मिस्सा सुरू झाल्या. उत्तरेकडचे सिल्लालै हे गाव त्यांचे लपण्याचे मुख्य ठिकाण झाले.

आपण म्हणतो की वाझ यांनी त्या लोकांना आशा दिली. पण नीट पाहिले तर माळ ओळखणारी माणसे तिथे आधीपासून होती. आयांनी मुलांना प्रार्थना तोंडी शिकवल्या होत्या, म्हणून तर ती नजर थांबली. कोणी येईल असा एकही पुरावा हाती नसताना तीस वर्षे ही शिकवण चालू राहिली. ताळेबंदात अशा ठेवीला रकाना नाही.

1689 च्या नाताळात डचांनी जाफन्यात छापा घातला. मध्यरात्रीच्या उपासनेसाठी जमलेले सुमारे 300 लोक पकडले गेले. वाझ निसटले. पकडलेल्यांपैकी काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि ते त्यातच मेले. धर्मगुरू वाचला आणि त्याच्यासाठी जमलेले मेले, ही गोष्ट त्यांना किती जाळत राहिली असेल! चरित्रकार तिच्यावरून भराभर पुढे जातात. मला वाटते, यानंतर त्यांनी गोव्याचा रस्ता धरला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. ते पुत्तलम् भागात गेले आणि तिथून 1692 साली डोंगरात, कँडीला.

कँडी हे स्वतंत्र बौद्ध राज्य. राजा दुसरा विमलधर्मसूर्य. तिथे डचांचा धाक नव्हता, पण दरबारातल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने वाझ हे पोर्तुगीजांचे हेर आहेत असे राजाच्या कानावर घातले. पोहोचताच कैद. सुरुवातीला पहारा कडक होता. कैदी काय करतो याची बातमी पहारेकरी वर देत, आणि ती रोज एकच असे : प्रार्थना करतो. वाझ सिंहली शिकू लागले. पुढे सैल पडलेल्या पहाऱ्यात त्यांनी आवारात एक झोपडी उभारली, तिच्यात वेदी मांडली आणि तिला चर्च केले. पूर्वीच्या पोर्तुगीज युद्धकैद्यांचे वंशज कँडीत राहत होते. ते कैद्याला भेटण्याच्या निमित्ताने येऊ लागले. मग राजाने शहरात फिरण्याची मोकळीक दिली.

सुटका केव्हा होईल याचा काही अंदाज नसलेला माणूस तुरुंगात नवी भाषा शिकतो, हे मला विशेष वाटते. परीक्षेचे वेळापत्रक लागल्याशिवाय पुस्तक न उघडणाऱ्या आमच्यासारख्यांना तर फारच. तो सुटकेची वाट पाहत बसला नव्हता. आजचा पाठ आज करीत होता, आणि तो कोणासाठी आहे हे त्याला माहीत होते. कॅथलिक लोक श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण एकत्र सांगतात. त्यांतल्या आशेचा अर्थ मला या झोपडीपाशी थोडाफार लागला.

1696 साली कँडीत दुष्काळ पडला. भिक्षूंच्या प्रार्थना झाल्या, पाऊस आला नाही. राजाने वाझ यांना विनंती केली. त्यांनी चौकात वेदी मांडून क्रूस ठेवला, गुडघे टेकले आणि पाऊस कोसळला. वेदी आणि ते मात्र कोरडे राहिले, अशी कथा आहे. भाविकांना हा चमत्कार मान्य आहे. माझे मन त्यावर बसत नाही, पण त्या पावसानंतर राजाने त्यांना राज्यात उपदेशाची मुभा दिली, हा इतिहास आहे. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी हाकललेल्या ख्रिस्ती माणसाला बौद्ध राजाने थारा दिला. त्या राजाचेही स्मरण या चरित्रात व्हावे.

त्याच सुमारास गोव्याहून ओरेटरीचे दोन धर्मगुरू येऊन मिळाले. त्यांतले जोसेफ कार्व्हाल्यो यांना थोडे वैद्यक येत होते. ते लवकरच कामी आले. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि मानकरी शहर सोडून गेले. घरच्या माणसांनी रोग्यांना रानात नेऊन टाकले. 2021 च्या लाटेत प्रेताला हात लावायला माणूस मिळत नव्हता, ते आपण शाळकरी वयात ऐकले-पाहिले आहे, तेव्हा कँडीच्या लोकांना दोष देण्याची घाई नको. वाझ आणि कार्व्हाल्यो यांनी रिकाम्या घरांची रुग्णालये केली, रानातून माणसे उचलून आणली, त्यांना धुतले, भरवले, आणि मेलेल्यांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा आणि कोणत्या जातीचा हे पाहिले नाही. ब्राह्मण घराण्यातल्या माणसाने हे केले, हे मघाच्या ओरेटरीच्या उल्लेखाशेजारी ठेवावे.

नंतरची वर्षे गावोगाव फिरण्यात गेली. प्रत्येक गावात एक मुखिया आणि एक प्रार्थना शिकवणारा नेमून, धर्मगुरू नसला तरी गाव चालेल अशी घडी त्यांनी बसवली. जाफन्याचा अनुभव वाया गेला नव्हता. बिशपपदाची तयारी वर चालली तेव्हा त्यांनी नकार दिला. 1705 साली दिवाडीचे याकोमे गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहलीत आणि तमिळमध्ये इतके लिहिले की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून श्रीलंकेत त्यांचे नाव घेतात. त्या विद्वत्तेपेक्षा वाझ यांची पायपीट मला जवळची वाटते, हा माझा पक्षपात समजावा.

16 जानेवारी 1711 च्या रात्री कँडीत वाझ यांचे निधन झाले. वय साठीच्या आत. गोवा सोडून पंचवीस वर्षे होत आली होती आणि ते एकदाही परत गेले नव्हते. त्यांना कँडीतल्या चर्चमध्ये पुरले. पुढे राजे बदलले, ते चर्चही गेले, आणि त्यांची समाधी नेमकी कुठे आहे हे आज दाखवता येत नाही. 1796 साली डचांनी श्रीलंका इंग्रजांना गमावली, तीन वर्षांनी कंपनीच राहिली नाही. श्रीलंकेच्या लोकसंख्येत कॅथलिक आज सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. 1995 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत वाझ यांना धन्य घोषित केले आणि 14 जानेवारी 2015 रोजी तिथल्याच गाल फेस मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. मंगळूरजवळ मुडिपू येथे त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. आपल्या गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल मात्र येशूचे पालक जोसेफ यांच्या नावाचे, गल्लत नको.

21 एप्रिल 2019 हा ईस्टरचा रविवार होता, आणि तारखेने वाझ यांचा जन्मदिवस. त्या सकाळी श्रीलंकेतल्या चर्चांमध्ये आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे मेली. कोलंबोतले कोच्चिकडे येथील सेंट अँथनीचे चर्च त्यांतले एक. त्याचा उगम डचांच्या अमलात लपून राहिलेल्या एका धर्मगुरूपर्यंत सांगतात. छप्पर उडालेले ते चर्च दुरुस्त करून त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा उघडले, आणि लोक आत गेले.