बिशप कोमेनियस : निर्वासित पाळक व लेकरांचा शिक्षक

आमच्या कित्येक गावांत प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशी दोन्ही मंदिरे हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे पारावर असो की लग्नाच्या मांडवात असो, वाद निघावयाचाच. पोपसाहेबांचा अधिकार, पवित्र मरीयेची विनवणी, पाद्र्यापुढे पापे कबूल करणे, पाद्र्यांनी लग्न न करणे, आणि शेवटी अगदी घरचा प्रश्न, त्यांच्या शाळेत आपले लेकरू घालावे की नाही. वादच करू नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याला आपल्या विश्वासाचे कारण सांगता येत नाही, त्याचा विश्वास पाहुण्यासारखा असतो. पण वाद कसा करावा, हे फार थोडे शिकतात. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अशा एका सेवकाचे चरित्र ठेवितो, की ज्यांनी रोमन मताशी जन्मभर वाद केला, त्यापायी घरदार गमाविले, आणि तरीही शिकविण्याची चांगली रीत विरोधकाच्या घरी दिसली तेव्हा ती घेण्यास लाज मानिली नाही.

योहान आमोस कोमेनियस ह्यांचा जन्म 28 मार्च 1592 रोजी युरोपखंडातील मोराविया प्रांतात झाला. हा प्रांत आज झेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे घराणे ‘बंधूंचे ऐक्य’ नामक मंडळीतले होते. बोहेमियातील यान हुस नावाच्या पाळकाला 1415 मध्ये पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले. त्याच्या शिकवणीचा वारसा सांगणाऱ्या साध्या लोकांनी 1457 च्या सुमारास, म्हणजे लूथरच्या जन्माच्याही आधी, ही मंडळी स्थापिली. योहान बारा वर्षांचे होण्याच्या सुमारास आईबाप दोघेही वारले. पोरक्या मुलाच्या शिक्षणाची काळजी कोणी वाहिली नाही. सोळाव्या वर्षी ते प्रथम लॅटिन शाळेत गेले व आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसले. तेथे शिकविण्याची रीत म्हणजे अर्थ न कळता केलेले पाठांतर आणि छडी. उशिरा शाळेत आल्यामुळे ह्या रीतीतील दोष त्यांस लहान मुलांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले. ते दुःख पुढे हजारो लेकरांच्या उपयोगी पडले.

जर्मनीत हर्बोर्न व हायडेलबर्ग येथे त्यांनी ईश्वरविद्येचा अभ्यास केला आणि 1614 मध्ये ते पायी चालत स्वदेशी परतले. 1616 मध्ये त्यांची पाळकपदाची दीक्षा झाली. 1618 मध्ये फुल्नेक गावची मंडळी आणि तेथील शाळा अशी दोन्ही कामे त्यांजकडे आली. रविवारी जो उपदेशपीठावर उभा राही, तोच सोमवारी फळ्यापुढे उभा राही. आमच्या मराठी खेड्यांतही पूर्वी मिशनशाळेचा मास्तर व मंडळीचा उपदेशक हा बहुधा एकच मनुष्य असे. तेव्हा हे चित्र आमच्या वृद्ध वाचकांस परके वाटणार नाही.

परंतु ह्याच वर्षी प्राग शहरी प्रॉटेस्टंट सरदारांनी कॅथलिक राजसत्तेविरुद्ध बंड केले व तीस वर्षांचे युद्ध पेटले. येथे आम्ही एक कटू गोष्ट झाकून ठेवू इच्छीत नाही. मोरावियात सत्ता प्रॉटेस्टंटांच्या हाती असता, 1620 च्या आरंभी यान सार्कांडर नावाच्या कॅथलिक पाद्र्याला फितुरीच्या संशयावरून ओलोमौत्स येथे धरून नेले आणि त्याचा इतका छळ केला की तो मार्च महिन्यात तुरुंगातच मेला. छळ करणारे आपल्या पंथाचे होते. तेव्हा छळ हे एकाच मंडळीचे पाप, असे म्हणण्यास आम्हांस तोंड नाही.

8 नोव्हेंबर 1620 रोजी प्रागजवळच्या श्वेतगिरीवर बंडखोरांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी जून महिन्यात प्रागच्या चौकात त्यांच्या 27 पुढाऱ्यांस देहांत शिक्षा देण्यात आली. स्पेनच्या शिपायांनी फुल्नेक लुटले व जाळले. प्रॉटेस्टंट पाळकांना हद्दपारीचा हुकूम झाला. कोमेनियस लपतछपत फिरत असता 1622 मध्ये त्यांची तरुण पत्नी व दोन्ही लहानगे मुलगे साथीत दगावले. शेवटी 1627 मध्ये बोहेमियासाठी व 1628 मध्ये मोरावियासाठी नवा कायदा निघाला, की ह्या देशात कॅथलिक धर्मावाचून दुसरा धर्म चालणार नाही. ज्यास मान्य नसेल त्याने देश सोडावा. 1628 च्या फेब्रुवारीत कोमेनियस बर्फाचे डोंगर ओलांडून पोलंडातील लेश्नो गावी गेले. त्यानंतर मायभूमीत राहण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही.

लेश्नो येथे त्यांनी पुन्हा शाळा धरली. त्या काळी कॅथलिक मंडळीतील जेझुइट पाद्र्यांच्या शाळा युरोपात नावाजलेल्या होत्या. त्या फी घेत नसत. शिक्षक शिकलेले व शिस्तीचे असत. आणि प्रॉटेस्टंट घरांतली मुलेही तेथे जात. कित्येक पाळक ह्यावर केवळ चिडत. कोमेनियस ह्यांनी निराळा मार्ग धरिला. स्पेनातील सालामांका येथे आयर्लंडच्या जेझुइटांनी 1611 मध्ये ‘भाषांचे दार’ नावाचे पुस्तक छापिले होते; त्यात लॅटिन भाषेतले नेहमीचे शब्द सुमारे बाराशे वाक्यांत गुंफिले होते. कोमेनियस ह्यांनी ते तपासले. त्यांना त्यात दोष दिसले, पण कल्पनेचे ऋण त्यांनी उघड मान्य केले, नावही जवळजवळ तेच ठेविले, आणि 1631 मध्ये स्वतःचे ‘उघडलेले भाषाद्वार’ प्रसिद्ध केले. त्यात सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत व शंभर प्रकरणांत मांडिले होते. आकाश, पाणी, झाडे, जनावरे, शेती, घर अशा वस्तूंच्या क्रमाने मूल शब्द शिके. थोड्याच वर्षांत युरोपातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

‘महान शिक्षणशास्त्र’ ह्या ग्रंथात त्यांनी शाळेची सबंध व्यवस्था लिहिली. पहिली सहा वर्षे आईच्या मांडीवरची शाळा, नंतरची सहा वर्षे मातृभाषेची शाळा, आणि ती गावोगाव, पुढे लॅटिन शाळा, शेवटी विद्यापीठ. श्रीमंत व गरीब, मुलगे व मुली, शहरातील व खेड्यातील, सर्वांस शिकवावे, कारण सर्व देवाच्या प्रतिरूपाने उत्पन्न झाले आहेत, असा त्यांचा आधार होता. मंदबुद्धीचे मूलही वगळू नये. त्यालाच शिक्षणाची गरज अधिक, असे त्यांचे मत होते.

आता वादाविषयी. व्हालेरियानुस माग्नी नावाचे एक विद्वान कॅपुचिन साधू होते. केवळ शास्त्र धरून प्रत्येकाने आपापला अर्थ लावला तर विश्वासाला पक्का नियम राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आजही आमच्या उपदेशकांस ऐकावा लागतो. कोमेनियस ह्यांनी त्याला लेखी उत्तर दिले व पवित्र शास्त्रच अखेरचा निवाडा करणारे आहे ह्या बाजूने लढले. 1645 मध्ये पोलंडचे कॅथलिक राजे चौथे व्लादिस्लाव्ह ह्यांनी तोरून शहरी सर्व पंथांची सभा भरविली व तिला ‘प्रेमाची चर्चा’ असे नाव दिले. कोमेनियस आपल्या मंडळीतर्फे तेथे गेले. त्यांचे पोट भरणारे धनिक आश्रयदाते पाठ्यपुस्तके लिहावयाची सोडून सभेस जाण्याने नाराज झाले. सुमारे तीन महिने सभा चालली. कॅथलिकांशी समेट तर झालाच नाही. पण लूथरपंथी व कॅल्व्हिनपंथी हे प्रॉटेस्टंट बंधूही आपसांत एका बाजूला बसेनात. कोमेनियस खिन्न होऊन परतले. वाद करणारे पुष्कळ आले होते. ऐकावयास कोणी आले नव्हते.

1648 मध्ये युद्धाचा तह झाला. त्यात इतर पंथांस हक्क मिळाले, पण बोहेमिया व मोराविया येथील निर्वासितांस परत जाण्याची वाट मिळाली नाही. आपली मंडळी आता मरणार असे समजून, ह्या शेवटच्या बिशपांनी 1650 मध्ये तिचे मृत्युपत्र लिहिले. एखादी आई लेकरांना वाटणी करून देते तसे त्यात आहे. रोमन मंडळीलाही त्यांनी वगळले नाही. तिच्या छळाचा दोष तिच्या पदरी घातला आणि तिला पश्चात्ताप लाभावा अशी इच्छा ठेविली. पुढची काही वर्षे त्यांनी हंगेरीत शारोशपतक येथे शिकविले. तेथे रचिलेले ‘चित्रांतील जग’ हे पुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे निघाले. दर पाठाला चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे, आणि त्या आकड्यांखाली लॅटिन व जर्मन शब्द. आज आमच्या बालवाडीतील सचित्र अंकलिपी हे त्याच कुळातले रोपटे आहे.

पण चरित्रकाराने केवळ गुणच सांगावे हे बरे नव्हे. 1655 मध्ये स्वीडनच्या प्रॉटेस्टंट राजाने पोलंडवर स्वारी केली. कोमेनियस ह्यांनी त्या राजाची स्तुती करणारे पत्रक लिहिले. तो आपल्या लोकांस सोडवील अशी त्यांची आशा होती. ज्या कॅथलिक राजाच्या देशाने 28 वर्षे आसरा दिला, त्याच्या शत्रूच्या गळ्यात हा हार पडला. 1656 च्या एप्रिलात पोलिश फौजांनी लेश्नो जाळले. त्यात कोमेनियस ह्यांचे घर, ग्रंथ आणि 1612 पासून चालविलेल्या झेक भाषेच्या कोशाची हस्तलिखिते राख झाली. शिवाय काही लोकांनी राजेराजवाड्यांच्या पतनाची भाकिते केली होती. त्यांवर विश्वास ठेवून ती त्यांनी छापविली, व ती खोटी ठरली. सुवार्तेच्या सेवकाने तलवारीवर आशा ठेवली की काय होते, ते ह्यावरून दिसते.

अखेरची वर्षे ॲम्स्टरडॅम येथे गेली. 15 नोव्हेंबर 1670 रोजी ते प्रभूमध्ये झोपी गेले. नार्डेन गावी त्यांची कबर आहे. मनुष्यांच्या सर्व कारभाराच्या सुधारणेविषयी एक मोठा ग्रंथ ते लिहीत होते. त्याच्या लॅटिन नावात ‘कॅथलिक’ हा शब्द आहे, पण रोमन ह्या अर्थाने नव्हे, तर सर्वांची, सार्वत्रिक, ह्या मूळ अर्थाने. त्याचे हस्तलिखित 1930 नंतरच्या दशकात जर्मनीतील हाले येथील अनाथाश्रमात सापडले आणि 1966 मध्ये प्राग येथे सबंध छापले गेले.

मंडळीही मेली नाही. 1722 मध्ये मोरावियातून निघालेल्या काही कुटुंबांनी जर्मनीत हेर्नहूट वसविले, आणि 1735 मध्ये कोमेनियस ह्यांचे नातू बिशप याब्लोन्स्की ह्यांनी त्यांच्यातील एका सुताराला बिशप म्हणून दीक्षा दिली. ह्याच मंडळीच्या मिशनऱ्यांनी 1885 मध्ये आपल्या देशात लेह येथे काम मांडिले. आणि 21 मे 1995 रोजी, ज्या ओलोमौत्स शहरी सार्कांडर मेला, तेथेच पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्या देशातील इतर पंथीयांवर झालेल्या अन्यायांबद्दल कॅथलिकांच्या वतीने क्षमा मागितली, आणि आपल्या लोकांनी सोसलेल्या दुःखांबद्दल क्षमाही दिली. जी गोष्ट तोरूनच्या सभेत घडली नाही, ती साडेतीनशे वर्षांनी एका मनुष्याच्या नम्रतेने घडली.

प्रिय उपदेशक बंधूंनो, मतभेद खरे आहेत. ते पुसून टाका असे आम्ही सांगत नाही. मात्र समोरच्या पाद्र्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडता येते काय, हे स्वतःस विचारा. मग उत्तर द्या. आपल्या मंडळीचे पाप आपणच प्रथम सांगा. शाळेविषयी एवढेच, की आपल्या घटनेच्या 28 व्या कलमान्वये सरकारी मदत घेणाऱ्या वा मान्यता असलेल्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणास बळजबरीने बसविता येत नाही. अल्पवयी मुलासाठी पालकाची संमती लागते. ज्यांचा बिशप सक्तीच्या कायद्याने देशोधडीला लागला, त्यांनी तरी हे कलम ओझे मानू नये. शेजारची कॅथलिक शाळा आपल्या शाळेहून चांगली असेल, तर तिची निंदा करण्यात दिवस घालवू नका. जा, पाहा, तिची रीत शिका, आणि आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलापाशी परत या. कोमेनियस ह्यांनी हेच केले.